हा घास मामाचा

१

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी भव्याने आपणहून तोंड उघडलं, आणि श्रीदेवीला वाटलं, सुटले बाई एकदाची.

तोवर त्या घरात दुपारचं जेवण म्हणजे रोजची मारामारी होती. भव्या अडीच वर्षांची. भात दिसला की ओठ असे घट्ट मिटायची की बोटानंही उघडायचे नाहीत. श्रीदेवी वाटीत वरणभात कालवायची, वर तूप सोडायची आणि चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या दोन खोल्यांत पोरीच्या मागं मागं फिरायची. खिडकीशी नेऊन कावळा दाखवायची, खालचा रस्ता दाखवायची. "हा घास काऊचा. हा घास चिऊचा. हा घास त्या इस्त्रीवाल्या तात्तांचा, आजोबांचा, बघ कसे बघतायत तुझ्याकडे..." काऊचा घास फरशीवर पडायचा, चिऊचा तिच्या साडीवर.

त्या दिवशी टीव्ही चालू राहिला होता. तिचा नवरा सुंदर ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात कामाला. दुसरी पाळी असली की सकाळचा वेळ त्याचा. तेवढ्यात तो टीव्हीवर त्याचा तो खेळ लावून बसायचा आणि कंपनीच्या बसची वेळ झाली की चपला पायात अडकवत पळायचा. पळता पळता जिन्यातून ओरडून गेला होता, "बंद नको करू गं! सेव्ह करायची जागा लांब आहे. तसंच राहू दे."

तसंच राहिलं. पडद्यावर एक लांबच लांब बोळ होता. दोन्ही भिंतींना नळ्या, वर मिणमिणते दिवे, आणि पार टोकाला एक गोल दार. दारापाशी अंगठ्याएवढा एक माणूस उभा. पांढरा जाड पोशाख, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटची काच काळी. हलत नव्हता. नुसती एक घरघर चालली होती, मोठ्या यंत्राची, आणि तिच्यात मिसळलेला कुणाचा तरी श्वास.

भव्या थांबली. बोट दाखवून म्हणाली, "त्याचा."

"कुणाचा? त्या मामाचा?" श्रीदेवी हसली. "बरं, हा घास त्या मामाचा."

तोंड उघडलं. घास गेला. पुढचाही मामाचा, त्याच्या पुढचाही. वाटी कधी रिकामी झाली ते कळलंसुद्धा नाही. सासू भवानीबाई आतून आल्या, वाटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अय्यो! भिंतीला लेपलंस की काय गं?"

"नाही अम्मा, खाल्लं तिनं. सगळं खाल्लं."

त्या दुपारी श्रीदेवी कितीतरी दिवसांनी ताटावर निवांत बसून जेवली.

२

तो खेळ तिला परका नव्हता. सुंदरनं तो यंत्रासकट एका कामावरच्या माणसाकडून जुना घेतला होता. नाव इंग्रजी, तिच्या जिभेवर बसायचं नाही. सुरुवातीला तिला वाटलं, असेल काहीतरी ढिशूम ढिशूम. पण तो तसा खेळ नव्हताच. एक भलंमोठं यान, त्यातली सगळी माणसं कुठंतरी निघून गेलेली, आणि एकट्यानं ते हिंडून बघायचं, इतकंच.

"इथं मारामारी कधी होते?" तिनं एकदा विचारलं होतं.

"होत नाही. बस जरा. नुसतं ऐक."

मग एका रविवारी, भव्या झोपलेली असताना, त्यानं तिला शेजारी बसवून एकेक जागा दाखवली. एक काचेचा घुमट होता. बाहेर कुठल्यातरी लाल ग्रहावर धुळीचं वादळ चाललेलं, पण आत आवाज शून्य. एक बाग होती, झाडं वाळून गेलेली, तरी त्यांच्यावरचे दिवे इमानानं चालू. एक जेवणघर होतं. लांब टेबल, नीट मांडलेल्या ताटल्या, आणि एक गळका नळ. थेंब पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थेंब. तो आवाज ऐकता ऐकता श्रीदेवीचे डोळे भरून आले, का ते तिला सांगता येईना.

"पानं वाढून ठेवलीत आणि माणसं नाहीत," ती म्हणाली.

"म्हणून तर," सुंदर म्हणाला. दिवसभर यंत्रांच्या खणखणाटात उभा राहणारा माणूस. त्याला ती शांतता आवडायची आणि खरं सांगायचं तर तिलाही आवडली. त्या घुमटाखाली कुणी तिला हाक मारत नव्हतं.

बोळ त्यानं शेवटी दाखवला. "हा उभा आहे ना, हा काही करत नाही. जवळ गेलं तरी नाही. नुसता पोशाख आहे, आत कोणी नाही. वातावरणासाठी ठेवलाय."

"आत कोणी नाही, मग श्वास कुणाचा?"

"माझा. म्हणजे जो खेळतो त्याचा." तो हसला. "तू घाबरलीस!"

"मी कशाला घाबरू? टीव्हीतलं टीव्हीत."

३

त्या मंगळवारनंतर रोज दुपारी तेच चाललं. पोर जेवते म्हणून सुंदर जाताना बोळ लावून ठेवायचा. तो गेला की बोळ, घरघर आणि वाटी. "हा घास मामाचा." शेजारणीला श्रीदेवी सांगायची, "आमची आता छान जेवते हं." सांगताना मान जरा ताठ व्हायची.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की मामा बसलाय.

उभा होता, तो बसला होता. गोल दारापुढं, जमिनीवर, मांडी घालून. तो जाडजूड पोशाख, ते बूट, आणि मांडी. दोन्ही हात गुडघ्यांवर. पंगतीत पान वाढायची वाट बघत बसतात, तसा.

श्रीदेवीनं सकाळी सुंदरला विचारलं, "तो बोळातला, बसतो का हो मधून मधून?"

"बसेल कसा? उभाच असतो." त्यानं लावून दाखवलं. उभाच होता.

"काल बसला होता. मांडी घालून."

"अंतराळवीर मांडी घालून?" सुंदर खो खो हसला. "मग पान वाढायचं होतंस! सांबार जास्त झालं होतं ना काल?"

भवानीबाईही हसल्या. श्रीदेवीही हसली. तिला वाटलं, उन्हाचे दिवस, डोळ्यांवर झापड असते, दिसलं असेल काहीतरी. पण त्या दुपारी तो पुन्हा बसलेला होता, आणि तो दोन हातांत धरून खेळायचा कंट्रोलर शेल्फावर उंच, कुणाचा हात पोचणार नाही असा होता.

घास देता देता तिनं कान दिले. घरघर होती. श्वास होता. भव्या घास चावायला लागली की श्वास थांबायचा. तिनं गिळलं की पुन्हा सुरू व्हायचा.

पुढचा घास तिनं हातातच धरून ठेवला. श्वास चालू राहिला. दिला. थांबला.

४

भव्याचे फ्रॉक सैल व्हायला लागले.

आईला हे आधी हाताला कळतं, मग डोळ्यांना. आंघोळीला उचलताना पोर हलकी लागायची. मनगटं काडीसारखी. आणि आईशिवाय दुसरं कुणी ज्याची दखल घेणार नाही अशी एक गोष्ट होती. वाटी भरून भात पोटात जात होता, पण पोरीचं पोट साफ व्हायला काही नव्हतंच. पोट फुगलंही नव्हतं. खपाटीला गेलं होतं. जेवण झाल्यावर तिच्या तोंडाला तुपाचा वास यायला हवा. श्रीदेवीनं हुंगलं. नवा फ्रिज पहिल्यांदा उघडल्यावर येतो तसा गार, कोरा वास आला.

दवाखान्यातल्या बाईंनी पोरीला काट्यावर ठेवलं आणि चष्म्यावरून बघितलं. "किती घालता खायला?"

"वाटीभर भात, डॉक्टर. वर तूप. सगळं खाते ती, एक शीत ठेवत नाही."

"खाते तर जातं कुठं?" बाईंनी औषध लिहिलं. "जास्त द्या. आणि टीव्हीपुढं बसवून भरवू नका."

रस्त्यात येताना श्रीदेवीला सगळी माणसं आपल्याकडंच बघतायत असं वाटलं. ही कसली आई, पोरगी वाळून चाललीय. भवानीबाईंनी मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढली. जाळल्या तरी मिरच्यांचा ठसका उठला नाही. "बघ, कडक दृष्ट होती," त्या समाधानानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी श्रीदेवीनं टीव्ही बंद ठेवला. काऊ झाला, चिऊ झाली, वाटी झाकून ठेवली, पुन्हा उघडली. भव्यानं तोंड उघडलं नाही. संध्याकाळी दूधही नाही. पुढचा दिवसही तसाच. पोर भिंतीला टेकून काळ्या पडद्याकडं बघत बसली होती, रडतसुद्धा नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा श्रीदेवीनं स्वतःच्या हातानं टीव्ही लावला. आजही ती हे सांगताना आपल्या उजव्या हाताकडं बघते. तिला ते यंत्र चालवता येत नव्हतं. कुठलं बटण दाबलं कुणास ठाऊक. पण सुरुवातीची पाटी नाही, काही नाही, सरळ बोळच आला.

तो बसूनच होता. आज त्याच्या हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली होती.

"हा घास मामाचा," श्रीदेवी म्हणाली. पोरीनं तोंड उघडलं. आणि श्रीदेवीला, देवा, तरीही बरंच वाटलं.

५

भवानीबाई रोज स्वयंपाक झाला की पहिला भात गच्चीवर कावळ्याला ठेवायच्या. तंजावरहून आलेलं घर, चेन्नईत दोन पिढ्या गेल्या तरी हे चुकलं नव्हतं. त्या दिवशी श्रीदेवी वाळलेले कपडे काढायला गेली तर सासू कठड्याशी उभी राहून "का, का, का" करत होती.

"ठेवून या की अम्मा. दिसलं की येईल तो."

"नुसतं ठेवलं तर मुंग्या येतात गं. हाक मारावी लागते. ज्याच्या नावानं घास काढला, त्याला बोलवायला नको? बोलावलं की येतो बघ." आणि खरंच, टाकीवरून एक कावळा उतरला.

श्रीदेवीच्या हातातले कपडे जड झाले.

"आणि आलेल्याला, परत जा म्हणता येतं?"

"जेवायला बोलावून जा म्हणतात काय? असली रीत आहे आपली? पोट भरलं की आपण होऊन जातो."

"नाही भरलं तर?"

"तर तुझ्या नवऱ्यासारखा! रसम संपलं म्हटलं तरी पान सोडत नाही." भवानीबाई आपल्याच बोलण्यावर हसल्या. मग त्यांनी सुनेचं तोंड बघितलं. "काय झालं गं देवी?"

सांगायला हवं होतं. तिथंच, त्या उन्हात, सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण सांगणार काय? टीव्हीतला माणूस माझ्या पोरीचा भात खातो? सातवी शिकलेली सून, अजून काय बोलणार, असं म्हणाले असते. श्रीदेवी म्हणाली, "काही नाही, ऊन लागलं."

जिना उतरताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. काऊचा घास, चिऊचा घास, इस्त्रीवाल्याचा घास, मामाचा घास. पोर जेवायला लागल्यापासून इतके घास भरवले, पण हा घास भव्याचा असं आपण एकदाही म्हटलेलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी तिनं भात मऊ शिजवला. तूप जरा जास्त सोडलं. भव्याला मांडीवर घेतलं, पडद्याकडं पाठ करून. सुंदर कामावर गेला होता, सासू गच्चीवर पापड बघायला. मागं घरघर चालली होती.

मध्येच करंट गेला. पंखा थांबला. टीव्हीचा लाल दिवाही विझला. श्रीदेवीनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तिला कळलं की घरघर थांबलेली नाही. खाली कुणाचा तरी जनरेटर असेल, तिनं मनाशी म्हटलं. असतातच. मग करंट आला, पंखा फिरला, पडदा उजळला. तिनं बघितलं नाही.

घास उचलला. भव्याच्या ओठांशी नेला आणि म्हणाली, "हा घास भव्याचा."

भव्यानं तोंड उघडलं नाही. आईकडं बघितलं, आणि मग मान वळवून मागं, पडद्याकडं. कुणाला बोलावलंय ते बघावं तसं.

म्हणून श्रीदेवीनंही वळून बघितलं.

तो बोळाच्या टोकाला नव्हता. तिथं फक्त दार होतं, उघडं. तो पडद्याच्या अगदी खालच्या कडेशी बसला होता. पोशाख रिकाम्या पोत्यासारखा गळून पडलेला, मोठ्या माणसाचा पोशाख लहान अंगाला व्हावा तसा. हेल्मेटची काच वर गेलेली. आत अंधार. आणि त्या अंधारात एक तोंड उघडलं. लहानसं. खाली पुढचे दोन दुधाचे दात, त्यातला एक जरासा वाकडा.

भव्याचा तो दात श्रीदेवीला पाठ होता.

तोंड उघडून ते थांबलं होतं. नाव ऐकून. घासासाठी.

आणि श्रीदेवीनं काय केलं? किंचाळली, धावली आणि भिंतीतून वायर ओढून काढली.

अजून ती स्वतःला हेच विचारते. कधी नव्हे ते पोरीनं आपल्या नावाच्या घासाला आपणहून तोंड उघडलं होतं. हातात घास होता. दोन पावलांवर होती. आणि आईनं घास दिला नाही, दिवा मालवला.

मागं वळली तेव्हा भव्या फरशीवर बसली होती. मांडी घालून, हात गुडघ्यांवर. तिच्याकडं शांतपणे बघत होती. आलेला पाहुणा घरच्या बाईकडं बघतो तसं.

७

भव्या आता बरी आहे. सगळे तसंच म्हणतात. स्वतःच्या हातानं जेवते. पान वाढायच्या आधी येऊन बसते, एक शीत सांडत नाही. गाल वर आलेत. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "बघा, टीव्ही बंद केल्यावर कसा फरक पडला." सुंदरला फार वाईट वाटलं, आपल्या खेळापायी पोर वाळली म्हणून. त्यानं ते यंत्र काढूनच टाकलं, पार उत्तरेला एन्नोरला राहणाऱ्या वेंकट नावाच्या मित्राला देऊन टाकलं. श्रीदेवी त्या दिवशी देवळात गेली होती. येऊन बघते तो शेल्फ पुसलेलं.

"मला विचारायचं तरी!"

"तूच म्हणत होतीस ना, नको तो खेळ?"

दात तिनं बघितले आहेत. पोर झोपली की हळूच ओठ वर करून बघते. सगळे सरळ आहेत. सुंदरला दाखवलं तर तो म्हणाला, "वाढत्या वयात सरळ होतात गं." होतही असतील. भवानीबाईंना विचारलं, आधीचा दात वाकडा होता की नाही, तर त्या म्हणाल्या, "होता असं वाटतं खरं." वाटतं! पोर "अम्मा" म्हणून हाक मारते, पण मारण्याआधी किंचित थांबते. श्रीदेवी तिला जवळ घेते, न्हाऊ घालते, वेणी घालते. तिचा काय दोष? बोलावलं म्हणून आली.

शेवटी ती एकटीच एन्नोरला गेली. वीजकेंद्राच्या राखेनं करडी झालेली झाडं, खाडीचा वास, विचारत विचारत घर शोधलं. वेंकट भला माणूस. त्यानं खुर्ची दिली, खेळ लावून दिला. "जुनं सगळं पुसून टाकलं अक्का. मी पहिल्यापासून सुरू केलंय."

"तो बोळ दाखव. गोल दाराचा."

त्यानं नेलं. नळ्या, मिणमिणते दिवे, गोल दार. दार बंद. पुढं कोणी नाही.

"इथं एक जण उभा असतो ना?"

"इथं? कधीच नाही. इथं कुणी ठेवलेलंच नाही अक्का."

ती पदरात बांधून नेलेला भात घेऊन तशीच परत आली. बसमध्ये सगळ्यांना तुपाचा वास येत होता.

तेव्हापासून ती दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की खिडकीशी उभी राहते, एक घास हातात घेते आणि बारीक आवाजात म्हणते, "हा घास भव्याचा." मग वाट बघते. चावण्याचा आवाज येत नाही. पण कधीकधी खालच्या रस्त्याचा गोंगाट क्षणभर विरतो, तेव्हा तिला वाटतं, कुठंतरी एक श्वास थांबलाय.

तिचं एवढंच मागणं आहे, आणि तुमच्यापासून पुढं जिथवर पोचेल तिथवर ते पोचवा. असा यानाचा खेळ पुष्कळ घरांत असेल. कुणाचा भाऊ खेळत असेल, कुणाचा नवरा. त्यांना सांगा. फिरता फिरता एखाद्या बोळाच्या टोकाला, आपल्या मापापेक्षा मोठ्या पोशाखात कुणी लहान बसलेलं दिसलं, तर घाबरू नका आणि वायर ओढू नका. ती भुकेली आहे. थोडा मऊ भात घ्या, वर तूप सोडा, आणि मोठ्यानं तिचं नाव घ्या. काऊचं नाही, चिऊचं नाही. भव्याचं. भव्या सुंदर, वेस्ट मांबलम. आई वाट बघते म्हणावं.